चूकमास्तरांनी रिकामी सोडलेली ओळ

वकिलांचं नाव जिन्याखालच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. कामगारांमध्ये त्यांना सगळे चूकमास्तर म्हणत. नोकरीवरून काढलेला माणूस त्यांच्याकडे जिना चढून जायचा, खुर्चीवर टेकायचा, 'साहेब, माझ्यावर फार अन्याय झाला' म्हणायला तोंड उघडायचा, आणि हे हात वर करायचे.

"अन्याय नंतर. आधी तुमची चूक सांगा."

निम्मी माणसं तिथूनच तणतणत परत जात. आधीच मार खाऊन आलेल्या माणसाला वर विचारायचं, तू काय केलंस? जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते आणखी काय असतं? पण जी माणसं टिकून बसत, ती हळूहळू सांगत. कुणी दोन दिवस न कळवता दांडी मारलेली असे, कुणी साहेबाला शिवी हासडलेली असे. चूकमास्तर ते पेन्सिलीने लिहून घेत. पेन त्यांच्या खिशाला असे, पण ते कोर्टाच्या कागदांसाठी. "पेन्सिल दिसली की माणूस खरं बोलतो," ते म्हणत. "खोडता येईल असं वाटतं ना त्याला." मग ती चूक ते अर्जात अगदी पहिल्या परिच्छेदात घालत.

एका गोदामाच्या रखवालदाराची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. त्याला कामावर झोपला म्हणून काढलं होतं. कंपनीचा वकील त्याच्या झोपेचा फोटो घेऊन मोठ्या ऐटीत कोर्टात आला. आणि चूकमास्तरांच्या अर्जाची पहिलीच ओळ होती: 'होय, माझा अशील झोपला. ती त्याची सलग तिसरी पाळी होती.' फोटो बिचारा हातातल्या हातात राहिला. रखवालदार पुन्हा कामावर लागला, आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा झोपला, तो भाग वेगळा.

मी हे सगळं सांगते आहे, कारण ह्या माणसाला मी बुडवलं. त्याला, आणि माझ्या सख्ख्या भाचीला.

मी एका मोठ्या धुलाई कारखान्यात पंचवीस वर्षं इस्त्रीच्या रोलरवर काम केलं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येत. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची, आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी लावायची. तो ती ओढून घेतो आणि पलीकडे कोरडी, सपाट बाहेर सोडतो. रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी असते. बोटं पुढे गेली तर तिला लागतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. चांगली सोय आहे, कुणी नाही म्हणतंय? पण आमची दांडी जुनी आणि हळवी होती. चादरीची जाड शिवण लागली तरी ती मशीन थांबवायची. तासाला दहा वेळा थांबायचं, आणि मुकादम फळ्यावर तासाच्या चादरी मांडायचा. मशीन थांबत राहिलं तर तो आकडा सात जन्मांत गाठता आला नसता.

म्हणून आम्ही दांडी बांधायचो. फाटक्या चादरीची चिंधी घ्यायची, दांडी वर उचलायची आणि बांधून टाकायची. ही युक्ती माझी. गाठही माझीच. मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटणारी. तपासनीस फाटकाशी आला की खालून आरोळी यायची, आणि तो वर पोचेपर्यंत तिन्ही मशीनच्या दांड्या सोवळ्यात. त्या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलीला ती गाठ मी शिकवली होती. सगळ्या मला मावशी म्हणायच्या, माझ्या शब्दाबाहेर नसायच्या. मला त्या गाठीचा अभिमान होता. आता लिहितानाही लाज वाटते, पण होता. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी यायची आणि तिन्ही दांड्या स्वतःच्या हाताने बांधून ठेवायची, म्हणजे पोरींचा वेळ जायला नको.

माझ्या भाचीलाही मीच तिथे चिकटवलं होतं. ताईची एकुलती एक मुलगी. ताई म्हणाली होती, "तुझ्या नजरेसमोर राहील, मला काळजी नाही." दीड वर्ष सगळं ठीक चाललं. मग एका मंगळवारी, पाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता, चादरीत तिची डाव्या हाताची बोटं गुंडाळली गेली. मशीन थांबलं नाही. दांडी बांधलेली होती. मी शेजारच्या रोलरवर होते, धावत जाऊन बटण दाबलं. तोवर चार बोटं भाजून आत वळली होती. ती अजून तशीच आहेत.

आठवड्याभरात चौकशी बसली. चौकशीचा साहेब, मुकादम, टेबल, पाण्याचा तांब्या. मला आत बोलावलं. साहेबाने विचारलं, "दांडी कोणी बांधली?"

माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. नुसती नोकरीची भीती होती असं म्हटलं तर सोपं जाईल, पण ते खरं नाही. त्या मजल्यावर माझा मान होता. जिने सगळ्यांना शिकवलं, तिच्याच गाठीने तिच्याच भाचीचा हात गेला, हे तोंडातून बाहेर येईना. मी म्हणाले, "मला माहीत नाही." साहेबाने ते लिहिलं, माझी सही घेतली.

माझ्यानंतर भाचीला आत घेतलं. माझं बयान तिला वाचून दाखवलं. दार उघडं होतं, मी बाहेर बाकावर बसले होते.  ती म्हणाली, "मीच बांधली होती."

सुरक्षेच्या साधनाशी छेडछाड केली म्हणून तिला बडतर्फ केलं. ते पत्र हातात असलेल्या मुलीला दुसरा कुठला कारखाना दारात उभं करणार? तिला नोकरी परत हवी होती, आणि ते पत्र रद्द व्हायला हवं होतं. बावीस वर्षांच्या मुलीला दुसरं काय हवं असतं? ताईने कुणाकुणाला विचारून चूकमास्तरांचा पत्ता काढला आणि मला म्हणाली, "तू जा तिच्याबरोबर. तुला तिथलं सगळं माहीत आहे." मला सगळं माहीत होतं, हे खरंच होतं.

ऑफिस सायकलदुरुस्तीच्या दुकानावर होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक आणि जमिनीवर गुडघ्याएवढ्या फायली. चूकमास्तर साठीच्या घरातले, बुटके, कोटाची कोपरं झिजून चकचकीत झालेली. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं म्हणून समोरच्याकडे उजवी बाजू करून बसत. त्यामुळे ते आपल्याकडे बघत नाहीयेत असं वाटायचं, आणि तिथेच माणूस फसायचा.

"आधी चूक," ते भाचीला म्हणाले.

"दांडी बांधलेली दिसत होती, तरी मी चादर लावली," भाची म्हणाली.

"कोणी बांधली होती?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी मूग गिळून बसले होते.

चूकमास्तरांची दुसरी एक रीत होती. माणसाचं काम ते त्याच्या हातांनी करून बघत. 'तोंड विसरतं, हात विसरत नाहीत,' हे त्यांचं पालुपद. स्वयंपाक्याकडून हवेत पळी फिरवून घेत, ड्रायव्हरला खुर्चीवर बसवून गाडी हाकायला लावत. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून घरची एक चादर काढली, फुलाफुलांची, आणि टेबलाला रोलर ठरवलं. टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी बसवली, ती दांडी. आम्हा दोघींना दोन बाजूंना उभं केलं आणि घड्याळ लावून चादरी लावायला सांगितल्या. पट्टीला धक्का लागला की ते "थांबलं!" असं ओरडत आणि पेन्सिलीने रेघ मारत. एकदा पट्टी सोडून, एकदा पट्टी वर बांधून. मधेच त्यांच्या बायकोचा फोन आला, पलंगावरची चादर कुठे गेली म्हणून. "कोर्टाच्या कामात आहे," ते गंभीरपणे म्हणाले. आम्ही दोघी हसलो. अपघातानंतर भाची पहिल्यांदाच हसली होती.

पाऊण तासाने त्यांनी रेघा मोजल्या आणि खूश झाले. दांडी मोकळी ठेवून मुकादमाचा आकडा गाठणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणजे दांडी बांधतात हे कंपनीला कळल्याशिवाय राहिलं नसणार. "केस इथे आहे," त्यांनी कागदावर टिचकी मारली. "तुमची एकटीची चूक नाही ही, मजल्याची रीत आहे. मजल्यावरच्या बायकांनी एवढं सांगितलं की झालं. आता ती गाठ बांधून दाखवा."

भाचीचा डावा हात पट्ट्यांमध्ये होता. उजव्या हाताने आणि दातांनी ती चिंधीशी झगडत राहिली.

"मावशी, तुम्ही हात द्या जरा," ते म्हणाले.

मी चिंधी घेतली, पट्टीला वेढा दिला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ तयार. बावीस वर्षांची सवय ती. चूकमास्तर वाकून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फायलीतून अपघाताच्या दिवशीचा मशीनचा फोटो काढून शेजारी धरला. मी डावखुरी आहे. माझ्या गाठीचं मोकळं टोक उजवीकडे लोंबतं, बाकी सगळ्यांचं डावीकडे. फोटोत ते उजवीकडे होतं.

त्यांनी फोटो परत फायलीत ठेवला.  कागदावर पहिल्या परिच्छेदाची जागा होती, ती त्यांनी रिकामी सोडली आणि दुसऱ्यापासून लिहायला लागले.

आम्ही निघालो. भाची पुढे उतरून गेली. त्यांनी मला जिन्यावर थांबवलं.

"मावशी, तुमची चूक मी अजून विचारलेली नाही."

मी कठडा धरून पायरीवरच थांबले.

"खोटं आहे हे कळल्यावर ते मी लिहू शकत नाही. आणि खरं कुणाच्या तोंडातून ओढून काढायची माझी पद्धत नाही. आपण होऊन आलेलं खरं कोर्टात उभं राहतं, ओढून काढलेलं लंगडतं. तुम्ही बोललात तर मजल्यावरच्या बाकीच्याही बोलतील. नाहीतर एकही बोलणार नाही. अर्ज द्यायला पंधरा दिवस आहेत. पहिली ओळ मी मोकळी ठेवतो. या."

त्या पंधरा दिवसांत मी दोनदा तिथवर गेले. दोन्ही वेळा सायकलवाल्यापाशी थांबले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "काय बाई, पंक्चर आहे का?" माझ्याकडे सायकल नव्हतीच. मी म्हटलं, "नाही, अशीच उभी आहे," आणि घरी आले. आज वाटतं, तेवीस पायऱ्यांचा तो जिना. माझे गुडघे तेव्हा चांगले होते.

पंधराव्या दिवशी अर्ज गेला. पहिली ओळ त्यांनी अशी लिहिली: 'अपघाताच्या वेळी दांडी बांधलेली होती.' कोणी बांधली, काही नाही. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत एवढी मिळमिळीत पहिली ओळ त्यांनी लिहिली नसेल.

तारखा पडत गेल्या. आठ महिन्यांनी साक्षीपुरावा सुरू झाला, आणि साक्षीला मला बोलावलं ते कंपनीने. माझं सही केलेलं बयान होतं ना त्यांच्याकडे. मुकादमाने आदल्या दिवशी मला स्वतः चहा आणून दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मी तो प्यायले.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा आवाज करत होता म्हणून न्यायाधीशांनी तो बंद करवला होता. मागच्या बाकावर भाची आणि ताई. ताईने मला बघून मान हलवली, घाबरू नकोस अशा अर्थाने. मी कंपनीच्या बाजूने उभी आहे हे तिला नीट उमगलंच नव्हतं. बहीण आहे म्हणजे आपल्याच बाजूची, एवढाच तिचा हिशोब.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "दांडी बांधायला परवानगी होती का?"

"नाही."

"अपघाताच्या दिवशी ती कोणी बांधली?"

"मला माहीत नाही."

"धन्यवाद."

मग चूकमास्तर उठले. त्यांनी फोटो माझ्यासमोर ठेवला. कोटाच्या खिशातून एक पांढरी चिंधी काढली आणि मी ज्या कठड्याला धरून उभी होते त्या कठड्यावर ठेवली. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आता ते सांगणार, बांधून दाखवा. मी बांधणार. हात खोटं बोलूच शकले नसते. आणि खरं सांगते, एका क्षणी वाटलं, सांगा लवकर, सुटेन एकदाची.

"मावशी," ते म्हणाले, "ही चिंधी..."

तेवढ्यात भाची मागून उठून आली. कुणी अडवायच्या आत तिने चूकमास्तरांचा कोट ओढला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी काहीतरी बोलली. ते ऐकत राहिले. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ती पुन्हा बोलली. न्यायाधीशांनी विचारलं, काय चाललं आहे. चूकमास्तर सरळ झाले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

"अशिलाची सूचना आहे," ते म्हणाले. "मला साक्षीदाराला काही विचारायचं नाही."

त्यांनी चिंधीची घडी घातली, खिशात ठेवली आणि बसले.

मजल्यावरची एकही बाई साक्षीला आली नाही. जिथे मावशी 'माहीत नाही' म्हणते, तिथे बाकीच्यांना कसं माहीत असेल? भाचीची चौकशीतली कबुली तेवढी कागदावर राहिली. चादरींच्या रेघांचा तो कागद न्यायाधीशांनी बाजूला सारला. वकिलाच्या ऑफिसातलं टेबल म्हणजे मशीन नव्हे, असं निकालात लिहिलं. बडतर्फी कायम झाली. वरच्या कोर्टात जायला तीन महिने होते. तेही मी मोजले, एकेक दिवस, आणि जाऊ दिले.

भाचीला शेवटी एका मोठ्या दुकानाच्या दाराशी काम मिळालं. गिऱ्हाइकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या आणि बिल्ला द्यायचा. मी ताईकडे पूर्वीसारखी जात राहिले. ताई चहा द्यायची आणि म्हणायची, "तू तरी होतीस म्हणून वकील मिळाला, नाहीतर आम्हाला कोण विचारतंय." भाची तिथेच बसलेली असायची. ती कधी काही बोलली नाही. मी चहा प्यायचे आणि बशी धुऊन ठेवून यायचे. एवढी मी चांगली.

पुढे मी निवृत्त झाले. मजल्यावर छोटासा समारंभ झाला. मुकादम बोलायला उभा राहिला. "मावशींच्या सेवेत एकही ठपका नाही," तो म्हणाला आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. काहींनी खाली बघून वाजवल्या. रोज सकाळी तिन्ही दांड्या कोण बांधायचं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी माझी लाज राखली होती आणि मी भाचीची राखली नव्हती.  मी हार तसाच पिशवीत कोंबून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो जिना चढले.

चूकमास्तर पेन्सिलीला टोक करत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "बसा," म्हणाले आणि कागद ओढला. त्यांनी काही विचारायच्या आत मी सांगायला लागले. गाठ, सकाळ, तिन्ही दांड्या, चौकशी, सही, सायकलवाला, मुकादमाचा चहा. सगळं. ते लिहीत गेले. दीड पान झालं.

"आता पेनाने लिहा," मी म्हणाले. "सही करते."

"पेन कशाला? मुदत गेली, मावशी. दोन वर्षांपूर्वी ह्या कागदाने तुमची नोकरी गेली असती आणि तिची आली असती. आता तुमचं काही जाणार नाही आणि तिला काही मिळणार नाही. खरं आहे, पण फार स्वस्तातलं आहे."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत घालायच्या भानगडीत ते कधी पडत नसत.

"कोर्टात तिने तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"म्हणाली, माझ्या आईला एकच बहीण आहे. नोकरी दुसरी मिळेल." ते पेन्सिल टेबलावर इकडून तिकडे लोटत राहिले. मग माझ्याकडे बघून बोलले, तोंड पूर्ण वळवून. "आता माझी चूक ऐका. गाठ मी पहिल्या दिवशी ओळखली. त्याच वेळी तुम्हाला समोर बसवून विचारायला हवं होतं. तुम्ही चिडला असता, रडला असता, पण बोलला असता. मी नाही विचारलं. माणूस आपण होऊन येतो, ही माझी पद्धत. तीस वर्षं मिरवली ती. सगळे म्हणतात, चूकमास्तर ओढून काढत नाहीत. त्या कौतुकापायी मी तुमची वाट बघत बसलो, आणि हात कुणाचा भाजला होता? अशील माझी ती होती, तुम्ही नव्हता. तिचं मी नुकसान केलं, आणि तिने मागच्या महिन्यात मला दुकानात बघितलं तर उठून नमस्कार केला. माझी पिशवी घेतली. बिल्ला दिला."

ते कानापर्यंत लाल झाले होते. एवढ्या वयाच्या माणसाला असं शरमलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढे मला माझीच लाज दुप्पट वाटायला लागली.

"तिच्या आईला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे अजूनही त्या बाईच्या लेखी गाठ मुलीने बांधली?"

 त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला, कोट चढवला आणि दाराला कुलूप लावलं. "चला. मी पण येतो. निम्मी चूक माझी आहे."

आम्ही चालत गेलो. 

ताईचं दार उघडं होतं. ती खाटेवर बसली होती आणि भाची तिच्यापुढे जमिनीवर. ताई तिची वेणी घालत होती. एका हाताने भाचीला वेणी घालता येत नाही, हे मला माहीत होतं. पण सकाळच्या वेळी मी तिथे कधी गेले नव्हते.

"अगंबाई, वकीलसाहेब!" ताई म्हणाली. "काय झालं? निकाल बदलला का?"

मी कागद उघडला, पण अक्षरं दिसेनात. मग न वाचताच सांगितलं. उंबऱ्यात उभी राहून. दांडी मी बांधली होती, रोज मीच बांधायची, त्या दिवशीही मीच. हिने नाव स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. भाची मधेच म्हणाली, "मावशी, कशाला आता?" मी थांबले नाही. चूकमास्तर म्हणाले, "मला माहीत होतं. मी गप्प राहिलो." एवढंच.

ताईच्या हातात वेणीचे तीन पेड तसेच होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलीच्या डोक्याकडे बघत होती.

"रोज सकाळी मी हिला बोलते," ती म्हणाली. "वेणी घालताना. मावशीने एवढं शिकवलं, तरी कशाला गेलीस ती दांडी बांधायला. रोज. आणि रागाने ओढून घालते मी वेणी." तिने भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "दुखायचं का गं?"

"नाही," भाची म्हणाली. "आई, उशीर होतोय मला."

ताईने वेणी उलगडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली, अगदी सैल. पेड सुटत होते. ती मान वर न करता म्हणाली, "वकीलसाहेब, तुम्ही बसा."

चूकमास्तरही बसले नाहीत. खुर्ची एकच होती, ती तशीच आमच्या मधे रिकामी राहिली. भाचीची वेणी पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो, आणि त्या घरातलं कुणीही मला बस म्हणालं नाही.